पाण्याची पाळी आणि मुंबईतलं घड्याळ

विहिरीवरच्या मोटरपेटीची किल्ली माझ्या हातून फिरत होती, तोवर पाण्यावरून भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. झाली. पण भांडायला समोर माणूस असायचं. शिव्या द्यायच्या तर मला, रुसायचं तर माझ्यावर. हे सगळं मोबाईलमध्ये जाणार असं ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता ज्याला लबाडी करायची त्याला तोंड दाखवायची गरज उरली नाही.

विहीर डिंगोऱ्याच्या आमच्या रानात, तीन घरांत सामाईक. सासऱ्यांनी खणली. त्यांच्या तीन मुलांत जमीन वाटली गेली, विहीर वाटता येईना म्हणून पाणी वाटलं. एक दिवस आमच्या थोरल्या घराचा, दुसरा मधल्याचा, तिसरा धाकट्याचा, मग परत आमचा. दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून पुढचा सूर्य उगवेपर्यंत. अमावस्येला मोटर बंद. बैलांची मोट होती तेव्हा अमावस्येला बैल जुंपत नसत. बैल गेले, मोटर आली, अमावस्या तशीच राहिली. त्या दिवशी पाळी कोणाचीच नाही. जी यायची ती एक दिवस पुढं सरकते. रोज उगवतीला विहिरीवर जायचं, ज्याचा दिवस संपला त्याच्याकडून किल्ली घ्यायची आणि ज्याचा सुरू झाला त्याला द्यायची, हे काम माझं. मालक गेल्यापासून ते माझ्याकडंच होतं.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुन्नरच्या डॉक्टरनं सांगितलं, धुळीत जायचं नाही. किल्ली पेटीशेजारच्या खिळ्याला गेली आणि मला फोन सुरू झाले. काकू, आज कोणाची पाळी? अमावस्या काल धरायची का आज? एकाच्या कॅलेंडरात अमावस्या सोमवारी लागते, दुसरा म्हणतो मंगळवारची. ज्याला जी सोयीची तो ती धरतो. मी बिछान्यावर पडून ओळखायची, कोण खरंच विचारतोय आणि कोण माझ्या तोंडून हो काढून घेतोय.

तेव्हा नातसून म्हणाली, "आजी, मी याचं एक वेब ॲप्लिकेशन करते. लिंक उघडली की आज कोणाची पाळी ते दिसेल. कुणाला काही विचारायलाच नको."

नातसून पेठ गावची. नातू चाकणला कंपनीत जातो, ही पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. माजघरात लॅपटॉप, कानाला यंत्र, आणि दिवसभर कोणाशी तरी इंग्रजीत बोलणं. पोर वाईट नाही. पण जी माणसं बसून काम करतात ती काय करतात हे बघून कळत नाही, आणि जे बघून कळत नाही त्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

तिनं पायथन नावाच्या भाषेत लिहायला घेतलं. पायथन म्हणजे अजगर, असं नातवानं मला हसत सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे, पाणी गिळणार नाही एवढं बघा.

एक दिवस तिनं विचारलं, "आजी, दिवस किती वाजता उगवतो असं लिहू?"

"उगवंल तवा."

"तसं चालत नाही. आकडा लागतो."

"मग थंडीचा एक लिही, उन्हाळ्याचा दुसरा, आन ढग आसंल तर तिसरा."

"आजी!"

"मला कशापाई वरडती? सूर्याला वरड."

शेवटी सकाळचे सहा ठरले. तीन घरांची माणसं आमच्या ओट्यावर जमली तेव्हा तिनं ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एकटी मधली जाऊ हलली नाही.

या जावेविषयी सांगायला हवं. ती विधवा, मुलगे भोसरीला. रान ती एकटी बघते, आणि चांगलं बघते. तिचा माझ्यावर विश्वास नाही आणि माझा तिच्यावर नाही, त्यामुळं आमचं इतकी वर्षं नीट चाललं. कोण काय करील याची दोघींनाही आधीच कल्पना असायची.

ती म्हणाली, "समदं बरोबर हाय आक्का. पण ह्ये शिजतंय कोणाच्या घरात? थोरल्याच्या."

"मग तुज्या घरात शिजव," मी म्हटलं. "चूल हाय का?"

सगळे हसले, ती नाही. तिनं नातसुनेला विचारलं, "पाळी बदलायची झाली तर कोणाला बदलता येती?"

"सध्या फक्त मला, आजी," नातसून म्हणाली. जाऊ माझ्याकडं बघून नुसती "बरं" म्हणाली.

त्या बैठकीत मीही एक गोष्ट ठरवून घेतली. "एकदा मोबाईलवर गेलं की मोबाईलचंच खरं. मदी कोणी तोंडी कायबी सांगायचं न्हाई. काकू हो म्हनल्या व्हत्या, आसं कोणी येऊन म्हनलं तर त्याला पेटीला हात लावू द्यायचा न्हाई." माझ्या नावावर खोटं बोलून पाणी घेतलेली माणसं मी पाहिली होती, म्हणून बोलले. आजही त्यात चूक होती असं मी म्हणत नाही.

पुढं थोडे दिवस ते ॲप्लिकेशन तिच्या लॅपटॉपवरच चाललं. मी रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायची. मराठी आकडे आणि अक्षरं मला वाचता येतात, चौथीपर्यंत शाळा झाली आहे. सहा वाजले की पडद्यावरचं नाव बदलायचं. मधे अमावस्या आली तीही त्यानं बरोबर धरली. खोट सापडेना. मला ते आवडलं नाही.

दसरा झाला, पाऊस उघडला. एका दुपारी जेवणं झाल्यावर नातसून म्हणाली, "आजी, आज सर्व्हरवर टाकते."

"म्हंजी?"

"आत्तापर्यंत ते फक्त माझ्या लॅपटॉपवर होतं. आता कायम चालू असणाऱ्या एका कॉम्प्युटरवर ठेवायचं. त्याला डिप्लॉय करणं म्हणतात. मग तिन्ही घरांच्या मोबाईलवर दिसेल. माझा लॅपटॉप बंद असला तरी चालेल."

"त्यो कॉम्प्युटर कुटं हाय?"

"मुंबईत."

"कोणाच्या घरात?"

"घरात नाही. मोठ्या इमारतीत असे खूप असतात. आपण भाड्यानं जागा घ्यायची."

"तू बघितलाय का?"

"नाही."

"मग तिथं हाय आसं कशावरनं?"

ती बोटं चालवत राहिली. काळा पडदा होता आणि त्यावर पांढऱ्या ओळी वर पळत होत्या. मधेच एक तांबडी ओळ आली, ती जीभ चावून थांबली, काहीतरी खोडलं, परत सुरू. मी शेजारी शेंगा फोडत बसले होते. मला माझं माहेर आठवलं. खोडदच्या रानात त्या मोठमोठ्या लोखंडी छत्र्या उभ्या राहिल्या तेव्हा लोक सांगायचे, आकाशातलं ऐकायला बसवल्यात. काय ऐकू आलं, हे आमच्या घरी येऊन कोणी सांगितलं नाही. पण छत्र्या निदान दिसतात. लेक माहेरी निघाली की लांबून पहिल्यांदा त्याच दिसतात. हा सर्व्हर तर दिसतही नव्हता.

"झालं," ती म्हणाली. तिनं फोन केले, तिन्ही घरांनी मोबाईल उघडले. त्यावर लिहिलं होतं, आज थोरलं घर, उद्या मधलं घर. खरंच त्या दिवशी आमची पाळी होती. जाऊ स्वतःचा मोबाईल घेऊन आमच्या दारात आली, आमच्या मोबाईलशी ताडून बघितलं आणि चहा न घेता गेली.

तिला त्या "उद्या"ची घाई होती. तिनं रांगडा, पावसाअखेर लावतात तो कांदा लावला होता. लावण मुद्दाम आपल्या पाळीच्या दिवशी केली होती, म्हणजे पुढच्या पाळीला आंबवणी बरोबर पडते. लावणीनंतर तिसऱ्या दिवशी रोपाला जे पाणी देतात ते आंबवणीचं. ते चुकलं की रोप मान टाकतं. ऑक्टोबरचं ऊन आणि कोवळी मुळं, मग परत उठत नाही. नवीन रोप आणावं तर त्या वर्षी रोपवाटिका पावसानं मारल्या होत्या, आजूबाजूला कोणाकडं मूठभर शिल्लक नव्हतं. तिचं वर्ष त्या वाफ्यांत होतं, आणि हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बसले होते, तर विहिरीकडून तिचा आवाज आला. ती कधी ओरडत नाही. डॉक्टरची धूळ बाजूला ठेवून मी गेले.

मोटर चालू होती. पाणी आमच्या टोमॅटोला जात होतं. माझा मुलगा पेटीशी उभा, किल्ली त्याच्या हातात. सूर्य चांगला हातभर वर आला होता.

"आक्का, इचारा ह्याला," जाऊ म्हणाली. "आज कोणाचा दिस हाय?"

"तुझा," मी म्हटलं.

मुलानं मोबाईल पुढं केला. "आये, बग. आज थोरलं घर. मी काय माज्या मनानं करतोय का?"

मी वाचलं. आज थोरलं घर. जावेच्या मोबाईलवरही तेच.

"आपल्या घरात बनवलं, आन आपल्याच रानात पाणी," जाऊ म्हणाली. "लई हुशार हाय तुमची नातसून."

मला राग आला, कारण माझ्या मनात नेमकं तेच आलं होतं. पाळी बदलता येणारी एकच व्यक्ती, आणि ती आमच्या घरात. तिच्या सासऱ्याच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, टोमॅटोचा तोडा जवळ आलेला. पोरीनं सासऱ्याला खूश केलं असेल. नाहीतर सासऱ्यानं सांगितलं असेल. बापलेकीसारखी दोघं संध्याकाळी बोलत बसतात, त्यात काय ठरतं मला काय माहीत.

"मोटर बंद कर, किल्ली दे तिला," मी मुलाला म्हटलं.

"तूच म्हनलीस ना, मोबाईलचं खरं? तोंडी चालायचं न्हाई?"

जाऊ माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "बोलाव तिला."

नातसून तिच्या कंपनीची मीटिंग सोडून लॅपटॉप काखेत घेऊन धावत आली. मोबाईल बघितला, लॅपटॉप उघडला, आणि तिचा चेहरा पडला. "आजी, माझ्याकडं तर बरोबर दाखवतंय. आज मधलं घर. हे बघा."

बघितलं. लॅपटॉपवर मधलं घर होतं, मोबाईलवर थोरलं.

"घरात एक आन भाएर एक," जाऊ म्हणाली.

"मग मोबाईलवरचं बदल की," मी म्हटलं. "तुला येतं ना बदलता?"

"येतं. पण आत्ता हातानं बदललं तर का चुकलं ते कळणार नाही, आणि उद्या परत चुकेल. मला थोडा वेळ द्या."

हे मला सगळ्यात खटकलं. चूक झालेलं माणूस आधी चूक पुसतं. ही पुसायची सोडून चुकीकडंच बघत बसली. त्या आठवड्यात मोटरला लागणारी थ्री फेज लाईट पहाटे यायची आणि दुपार व्हायच्या आत जायची. ती विहिरीच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसली, बोटं चालवत राहिली, आणि आमचं पाणी आमच्या टोमॅटोत जात राहिलं. मी तिच्या बोटांकडं बघत होते, जाऊ माझ्याकडं बघत होती, आणि मुलगा कोणाकडंच बघत नव्हता. वेळ काढतेय, असं मला पक्कं वाटलं.

शेवटी मीच पुढं झाले, मुलाच्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि मोटर बंद केली. "आता मोबाईल काय म्हनतो त्याला मी जबाबदार. घे गं."

जावेनं किल्ली घेतली. पाण्याचा पाईप आमच्या बाजूचा काढून तिच्या बाजूला लावायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, मोटर सुरू करायची. एवढं होईतो पेटीवरचे दिवे विझले. लाईट गेली.

थोड्या वेळानं जावेच्या हातातला मोबाईल उजळला. तिनं तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. आज मधलं घर.

"बगा आक्का. आता माजी पाळी आली. करा मोटर चालू."

तेवढ्यात नातसून उठून उभी राहिली. "सापडलं! आजी, सर्व्हरवर आत्ता सकाळचे सहा वाजलेत."

"कुटं? मुंबईत?"

"हो. म्हणजे तो मुंबईतच आहे, पण त्याचं घड्याळ तिकडच्या, लंडनच्या हिवाळी वेळेवर लावलेलं असतं. साडेपाच तास मागं. मी त्याला सांगितलं सहा वाजता पाळी बदल, त्यानं त्याच्या सहाला बदलली. मी सगळं माझ्या लॅपटॉपवर तपासलं, आणि लॅपटॉपचं घड्याळ आपलं आहे. तिकडचं बघायचं सुचलंच नाही."

"मुंबईत बसून लंडनचं घड्याळ," जाऊ म्हणाली. "आन मी ह्ये खरं मानू?"

"दाखव," मी म्हटलं.

तिनं सर्व्हरला पुन्हा वेळ विचारली. काळ्या पडद्यावर आकडे आले. माझ्या मनगटावर घड्याळ नाही, पण डोक्यावर ऊन होतं. पडद्यावरचे सहा आणि ते ऊन काही जुळत नव्हतं. आकडे खोटे आणायचे तर तिनं ते आधीच आणून ठेवले असते, एवढा घाम गाळून नव्हे. त्या घडीला मी तिच्यावरचा संशय उतरवला. पण संशय ठेवायला जागा लागते, तो मुलाकडं गेला.

"घड्याळ चुकलं," मी त्याला म्हटलं. "तुजं डोळं कुटं व्हतं?"

"मी मोबाईल बघितला."

"आन वर न्हाई बघितलं?"

त्यानं पाईपकडं बघितलं.

पण रोपाला आमचं भांडण नको होतं, पाणी हवं होतं. लाईट पुन्हा उगवतीच्या जरा आधी येणार, तेवढ्यात तिचे दोन वाफेही भिजले नसते, आणि उगवल्यावर पाळी धाकट्या घराची. त्यांचीही लावण चालू होती, त्यांच्याकडं मागायला तोंड नव्हतं. आमची पाळी त्याच्या पुढची, तोवर तिचा कांदा संपला असता. राहिलं आमचं शेततळं. पावसाळ्यात भरून घेतलेलं, प्लास्टिकच्या कागदाचं, उन्हाळ्यासाठी राखलेलं.

"डिझेल इंजिन काढ," मी मुलाला म्हटलं. "तळ्याचं पाणी हिच्या वाफ्यांत सोड."

"ते उन्हाळ्याचं पाणी हाय, आये."

"उन्हाळा यायचाय. कांदा आत्ता मरतोय."

"चूक घड्याळाची, आन भरायची आपन?"

"पाणी घड्याळानं पिलं का आपल्या टोमॅटोनं?"

त्यानं इंजिन काढलं. नातसुनेनं लॅपटॉप मिटला आणि पाईप जोडायला हात लावला. जाऊ बांधावर बसून राहिली. प्रत्येक वाफा भरला की ती उठायची, मातीत बोट घालून ओल किती खोल गेली ते बघायची आणि पुन्हा बसायची. पाणी देणाऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. माझाही नसता. शेवटचा वाफा भरला तेव्हा ती पदर झटकून निघून गेली.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. आली म्हणून मला बरं वाटलं असं नाही, मी विचारात पडले की आता काय हवंय. ती सरळ नातसुनेसमोर बसली. "ते परत टाकनार हायस ना मुंबईला? टाक. पण आधी घड्याळ दाखव. आन पाळी बदलायची किल्ली एकीच्या हातात नको. तिन्ही घरं हो म्हनतील तवाच बदलली पायजे."

"करते, आजी," नातसून म्हणाली. मीही म्हटलं, कर. मला ते पटलं होतं, आणि जावेच्या तोंडून आलं म्हणून थोडं कमी पटलं होतं.

दोन दिवस नातसून त्यात होती. मग पुन्हा दुपारी काळा पडदा, पुन्हा पळणाऱ्या ओळी. या वेळी शेंगा फोडायला मी आणि जाऊ, दोघी होतो. आधी नातसुनेनं सर्व्हरचं घड्याळ दाखवलं. भिंतीवरच्या आमच्या घड्याळाशी ते जावेनं ताडलं, मग मी ताडलं. मग जाऊ म्हणाली, "टाक." पाळी दाखवणाऱ्या पानावर आता सगळ्यात वर सर्व्हरची वेळ दिसते. ती आमच्या दोघींसाठी आहे.

दुसऱ्या सकाळी पाळी पुन्हा आमच्याकडून मधल्या घराकडं जायची होती. मी विहिरीवर गेले, जाऊ आधीच येऊन बसली होती. कांद्याची रोपं तिच्यामागं उभी होती. काही पिवळी, पण मान ताठ. मोटर आमच्या पाण्यावर चालू होती, मुलगा किल्ली घेऊन पेटीशी. दोघींच्या हातात आपापला मोबाईल. एकीच्या मोबाईलवर दोघींनी विसंबायचं, हे आमच्यात होणार नाही.

सहा वाजले. तिच्या मोबाईलवर नाव बदललं, मग माझ्या. मधलं घर. मी डोंगराकडं बघितलं. उजाडलं होतं, पण सूर्य अजून मागंच होता. इतकी वर्षं त्याची कड दिसल्याशिवाय मी किल्ली दिली नव्हती. तेवढ्या वेळात आमचा टोमॅटोचा एक पट्टा भिजला असता.

मुलगा म्हणाला, "आये, सूर्य न्हाई उगवला अजून."

आज तो वर बघत होता.

जावेनं हात पुढं केला. "मोबाईल म्हनतोय, आक्का."

"दे तिला," मी म्हटलं.